हळदीचं लुगडं

बाई, आज सकाळी पुतण्याच्या सुनेनं मला सहज विचारलं, "आजी, तुम्हाला विणायला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "आमच्या बाईंनी." तेवढ्यानं तिचं समाधान झालं आणि ती भाकरी थापायला लागली. माझं मात्र झालं नाही. एवढ्या दोन शब्दांत तुम्ही कशा मावाल? म्हणून दुपारी सगळे शेतात गेल्यावर कागद घेऊन बसले आहे. अक्षर अजून तुम्ही गिरवून घेतलंत तसंच आहे, थोडं उजवीकडे कललेलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. तिसगावच्या बाजारात कापडाच्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या. आमच्या गावात कितीतरी बायकांना एकच लुगडं. अर्धं नेसून अर्धं धुवायचं, ते वाळलं की दुसरं टोक. माझा नवरा पलटणीत भरती होऊन बोटीनं परदेशी गेला होता, आणि त्याची खबर येणं बंद झालं होतं. मेला असं कुणी सांगत नव्हतं, जिवंत आहे असंही नाही. पाण्यावर गेलं की बायका माझ्या कपाळाकडे बघायच्या, मग हातांकडे, आणि मग विचारायच्या, "काय कळलं का गं?" त्या प्रश्नाला भिऊन मी अंधार असतानाच पाणी भरायला लागले होते. अशात तुम्ही नगरहून आलात. देवळाशेजारच्या, म्हणजे तुमच्या ख्रिस्ती लोकांच्या देवळाशेजारच्या लांब पडवीत गावानं मिळून वर्ग सुरू केला. पाटलांनी लाकूड दिलं, सुतारानं दोन माग करून दिले, तिसरा तुमचा स्वतःचा, बैलगाडीतून आणलेला. "बायांनी आपलं कापड आपण विणावं," अशी दवंडी झाली. मी सासूबाईंना विचारलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "जा. पर दिवे लागायच्या आत घरी ये."

पहिल्या दिवशी तुम्ही मला मागापाशी बसवलंच नाहीत. रहाटावर सुताच्या कांड्या भरायला लावल्या. शेजारी तुमच्या ख्रिस्ती वस्तीतली एक बाई, पलीकडे धनगराची म्हातारी, तिच्या मांडीवर लोकरीचा ढीग. गावात आम्ही तिघी एका ओट्यावर बसलो असतो तर बोभाटा झाला असता. तुम्ही मात्र, जागा कमी आहे, सरकून बसा, इतकंच म्हणालात. आणि तुम्ही मला काही विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. तुम्हाला सगळं ठाऊक होतं हे मला पुढे कळलं.

तुमची शिकवण्याची तऱ्हा मला अजून हातात जाणवते. मी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली आहे, पाय दाबायच्या पावड्यांवर, आणि तुम्ही मागून येऊन माझे डोळे पदरानं झाकता. "आता ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून बोट फिरव. तुटलेला धागा कुठं आहे सांग." मी चाचपडते, चुकते, पुन्हा चाचपडते. एक सुताएवढी फट बोटाला लागते. "हा!" मी ओरडते, आणि तुम्ही पदर काढून घेता, हसता. तुमचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे तुम्ही हसताना ओठ मिटून घ्यायच्या. त्या वेळी विसरलात. कौतुकाचा शब्द तुमच्याकडून सहसा मिळायचा नाही. काम नीट झालं की तुम्ही त्याच्यापेक्षा अवघड काम द्यायच्या, तेच कौतुक.

म्हणूनच पाटलांच्या लेकीचं हळदीचं लुगडं तुम्ही मला दिलंत तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. लग्न ठरलं होतं, कापड कुठं मिळत नव्हतं, आणि पाटलीणबाईंनी स्वतः येऊन तुम्हाला गळ घातली होती. सूत आम्ही सगळ्यांनी मिळून काढलं, हळदीत रंगवलं, काठाला लाल. तुमच्याच मागावर ताणा चढवला आणि मला बसवलंत. अर्धं कापड विणून झालं असेल, एका दुपारी पाटलीणबाई बघायला आल्या. मला मागावर बघून दारातच थबकल्या.

"बाई, हे काय? हिचा नवरा हाय का न्हाई त्येचा पत्ता न्हाई, आन् माज्या लेकीचं हळदीचं लुगडं हिच्या हातानं?"

पडवीतले सगळे रहाट थांबले. तुम्ही हातातली कांडी खाली ठेवलीत. "एवढा सरळ काठ इथं दुसऱ्या कुणाचा येत नाही."

"काठ वाकडा चालंल आमाला."

"मला चालणार नाही."

"लाकूड आमचं हाय, बाई. ध्यानात ऱ्हाऊ द्या."

मी उठायला लागले. मला एवढंच कळत होतं की माझ्यापायी वर्ग बुडतोय. आणि तेव्हा तुम्ही माझ्यावर जशा कडाडलात तशा त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. "बस खाली! तू उठलीस तर यांचं म्हणणं तूच खरं केलंस. पाय पावडीवर ठेव." मी पाय पुन्हा पावडीवर ठेवले. आडव्या सुताचा धोटा हातात घेतला आणि टाकला. मग पुन्हा. तुम्ही पाटलीणबाईंकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणालात, "तुमचे माग तुम्ही खुशाल न्या. हा माझा आहे. लुगडं वेळेवर पोचेल. नेसवायचं की नाही ते घरी ठरवा."

दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि दोन्ही माग गेले. काही बायकांनी येणं सोडलं. राहिलो त्या एका मागावर पाळीपाळीनं बसायचो, बाकीच्या सूत कातायच्या, नाडे-पट्ट्या विणायच्या. मला रडू यायचं, तुम्ही मात्र नेहमीसारख्या. आणि मग एका सकाळी पाटलांची लेक एकटीच आली. नवरी मुलगी, हळदीला चार-सहा दिवस उरलेले, आईला न सांगता. माझ्याजवळ ओट्यावर बसली. म्हणाली, "वैनी, माजं लुगडं मला बगू द्या की." मी सरकले. तिनं कापडावर हात फिरवला. मग म्हणाली, "मला बी धोटा टाकायला शिकवा. आईनं इचारलं तर सांगीन, म्याबी इनलंय म्हनून." पदराचा शेवटचा भाग आम्ही दोघींनी विणला. तिचे दोनचार धागे सैल पडले. मी ते उसवणार होते, तर तुम्ही माझा हात धरलात. "राहू दे. तिचे आहेत."

हळदीला ती तेच नेसली. माग परत आले नाहीत, पण पहिल्या सणाला माहेरी आली तेव्हा सरळ पडवीत आली आणि तिथल्या सगळ्या बायकांदेखत माझ्या कपाळाला कुंकू लावून गेली. त्यानंतर पाण्यावर मला कुणी फारसं विचारलं नाही.

तुमच्या मालकांबद्दल तुम्ही एकदाच बोललात. आपण सुताला खळ लावत होतो, ज्वारीच्या पिठाच्या पेजेनं हात चिकट झालेले. तुम्ही वर न बघता म्हणालात, "माझे आधीच्या लढाईत गेले. पार अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडे. काहीच कळलं नाही. लोक रोज माझं काहीतरी ठरवायचे. एक दिवस मी म्हटलं, माझं मी ठरवीन." मी विचारलं, "मग काय ठरवलं?" तुम्ही म्हणालात, "माग घ्यायचं ठरवलं." आणि कुंचा पुन्हा पेजेत बुडवलात.

लढाई संपली. गावचे काही जण परत आले, माझा नाही. सरकारी कागद आला, तोही धड काही न सांगणारा. माझ्या बांगड्या फोडायला सासरी बायका जमायची बोलणी सुरू झाली. त्या जमायच्या आदल्या दुपारी मी पडवीत आले, तुमच्यासमोर बसले आणि बांगड्या स्वतःच उतरवल्या, न फोडता, एकेक करून. कुंकू पुसलं नाही. तुम्ही पदर पुढे केलात आणि बांगड्या त्यात घेतल्यात. मग गुळाचा चहा केलात. तो आपण दोघी प्यायलो. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सासूबाई माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता तिला."

पुढे तुमचा दमा वाढला आणि तुम्ही नगरला भाच्याकडे गेलात. जाताना माग न्यायला नकार दिलात. "त्याला तिथं खड्डा कोण खणणार?" म्हणालात, आणि गाडीत बसलात. तुमचा वर्ग मी कितीतरी वर्षं चालवला. शिकायला आलेल्या पोरींना मी कधीच पहिल्या दिवशी मागावर बसवलं नाही. कुणालाच घरचं विचारलं नाही.

हे पत्र मी कुणाकडे देणार नाही; घडी करून उद्या चुलीत घालीन बहुतेक. पण एक सांगायचं राहिलंय. सगळ्यांना मी सांगत आले की कापड मिळत नव्हतं म्हणून मी विणायला शिकले. तसं नव्हतं, बाई. विणण्याची मला काडीची हौस नव्हती. जिथं मला कुणी काही विचारणार नाही अशी घटकाभर बसायला जागा हवी होती, आणि त्या दिवशी गावात तेवढ्या एकाच पडवीचं दार उघडं होतं.