कसारा घाट स्नेहाने चढवला

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

पोचलो. संध्याकाळी पाचला गाडी दारात लागली. चार दिवस — महाड, हरिहरेश्वर आणि परत नाशिक. आईने अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पण चवदार तळ्याच्या पायरीवर बसली ती अर्धा तास पाण्यात हात घालून होती.

आणि येताना कसारा घाट स्नेहाने चढवला. माझ्या बायकोने! पुढे दोन कंटेनर रांगतायत, मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्नवर हॉर्न देतोय, पण बाई हलली नाही. खालच्या गिअरवर, अंतर ठेवून, शांत. सहा वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मी तिला शिकवलं, तेव्हा क्लच सोडताना डोळे मिटायची. आज तिच्या शेजारी बसून जे वाटलं, ते बावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवून मला स्वतःबद्दल कधी वाटलं नव्हतं.

सगळ्यांना सांगितलं, खांदा दुखतोय म्हणून चावी दिली. खरं कारण आज लिहवत नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

स्नेहा सातच्या पाळीला अंबडला, कंपनीत. आमच्या मुलीचं, मित्राचं, दहावीचं वर्ष, ती क्लासला. बॅगा तशाच पडल्यात, घरभर वाळू. आई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय — "माझ्या सुनेनं घाटातून गाडी आणली. लय झ्याक चालवती." शेजारच्या चिमणाबाईंना दोनदा सांगून झालं. मी आत बसून ऐकत होतो. छाती फुगत होती आणि लाजही वाटत होती.

तर खरं असं. खांद्याला काही झालेलं नाही. शहापूरच्या पुढे मी गाडी डावीकडे घेत होतो. तिथे मोटारसायकल होती. नवरा, बायको, मध्ये लहान पोरगा. मला ती दिसलीच नाही. त्याने हॉर्न दिला तेव्हा हात आपोआप वळला. वीतभर अंतर राहिलं असेल. तो शिव्या देत पुढे गेला.

मागे आई आणि मित्रा झोपल्या होत्या. स्नेहाने डोळे उघडून विचारलं, "काय झालं?"

"खांदा," मी म्हणालो. पुढच्या ढाब्यावर चावी तिच्या हातात दिली.

अंधार नव्हता, पाऊस नव्हता. भर दुपार. त्या बाजूला रस्ता रिकामाच दिसत होता मला.

बुधवार, २९ ऑक्टोबर

इमरानचा फोन. वीस वर्षं स्टँडवर त्याची गाडी माझ्या गाडीशेजारी लागते. शनिवारी मुंबई एअरपोर्टचं भाडं आहे म्हणाला. मी म्हटलं, बरं नाही. "तू भाडं सोडतोस? काय रे, समुद्राचं पाणी प्यायलास का?" हसलो.

बावीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. लोक स्टँडवर येऊन माझं नाव घेऊन विचारतात. ते नाव मला त्या मोटारसायकलपायी घालवायचं नाही.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. रिक्षाने. मागच्या सीटवर हात कुठे ठेवावेत कळेना.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवू. गाडी मात्र बंद करा."

शनिवार, १ नोव्हेंबर

स्नेहाला सांगितलं. ती बॅगा झटकत होती. सगळं सांगितलं, शहापूरपासून.

तिने पहिलं काय विचारावं? "त्या मोटारसायकलवरच्या पोराला काही लागलं नाही ना?"

"नाही."

मग खाली बसली. "मला तिथेच का नाही सांगितलं?"

"घाटात घाबरली असतीस."

"घाबरलेच होते. हात ओले झाले होते. पण तुम्ही शेजारी निवांत बसलेले, म्हणून वाटलं, जमतंय आपल्याला."

मी निवांत नव्हतो. माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर सबंध घाटभर पाय दाबून ठेवला होता. तेही सांगितलं. तेव्हा ती हसली, आणि मग रडली.

आईला तिनेच सांगितलं. आई म्हणाली, "थेंब म्या घालीन. येळच्या येळी." एवढंच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गाडी विकायला काढली. इमरानने गिऱ्हाईक आणलं. सहादू नावाचा माणूस, मालेगावकडचा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून पाहिलं. "एकाच हातातली दिसती." मी हो म्हणालो. असं कुणी म्हटलं की अजूनही बरं वाटतं.

चक्कर मारून आला. गिअर असे टाकत होता की माझे दात शिवशिवले. गुरुवारी येतो म्हणाला.

स्नेहा पाळीवरून आली, गाडीत बसून पाहिलं. "सीट मागे कुणी सरकवली?" सांगितलं. तिने सीट पुन्हा पुढे घेतली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सहादू आला. स्नेहा दारात उभी. "गाडी द्यायची नाही." तो माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार, मलाच आत्ता कळत होतं.

तो गेल्यावर आवाज चढला माझा. "मग काय दारात ठेवून तिला हार घालायचा?"

"मला थोडे दिवस द्या," म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

स्नेहाने कंपनी सोडली. मला आज सांगते! "अकरा वर्षं एका मशीनसमोर उभी राहिले. आता बसून काम करीन." लायसन्स, गाडीचे कागद, सगळं इमरानला दाखवून आधीच मोकळी झालेली.

पहाटेच वणीच्या भाड्यासाठी गिऱ्हाईकाला घ्यायला निघाली. पाच मिनिटांनी गिऱ्हाईकाचा मला फोन, गाडी कुठपर्यंत आली. सवयीने म्हणालो, "ड्रायव्हर निघालाय." मग थांबलो, आणि नीट सांगितलं.

"निघालीय."