घेवड्याला लागलेला वारा

९ मार्च
शेजारच्या स्तोयना मावशींनी टोमॅटोसाठी खत निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. गावात दुसरा जाणकार आहे तरी कोण! नवरा, मिन्चो काका, गेल्यापासून त्यांच्या गुलाबी टोमॅटोचं बी त्या जिवापाड जपतात. जगात एवढी एकच पुडी. म्हटलं, सगळं पेरा, बी जुनं झालं की उगवत नाही.

१४ मार्च
वरच्या गावात कुन्चोकडे गेलो. घोड्याची लीद, दीड वर्ष कुजवलेली. मुठीत दाबली, भुसभुशीत. वास ओल्या रानाचा. त्याच्या कुरणात औषधालासुद्धा काटा नाही. म्हणाला, दरवर्षी तणनाशक फवारतो. टापटिपीचा माणूस. राकिया पाजली म्हणून नव्हे, पण माल फर्स्टक्लास.

१५ मार्च
मावशी म्हणाल्या, मिन्चो आधी खतात घेवडा लावून बघायचा. तीन आठवड्यांत पानं सरळ आली तरच खत बागेत. जुनी माणसं! म्हटलं, लावतो.

८ एप्रिल
खिडकीतल्या घेवड्याची पानं मुठी आवळल्यासारखी. वारा लागला असणार. गांका म्हणते, ही खिडकी रंग दिल्यापासून उघडलेलीच नाही. बायकोला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. कुंडी कोळशाच्या खोलीत ठेवली. मावशींना सांगितलं, घेवडा झकास, जरा वारा लागलाय इतकंच.

१२ मे
थंडी सरली. मावशींकडे साठ रोपं लावली. खत मी स्वतःच्या हाताने घातलं. कडेच्या तीन रोपांना पुरलं नाही. बिचारी. त्यांना नंतर घरून आणून घालीन.

२ जून
मावशींच्या रोपांची पानं आवळली आहेत. म्हटलं, रात्रीचा गारवा. मावशींनी माझ्याकडचं बादलीभर खत मागून नेलं. म्हणजे विश्वास शाबूत आहे.

५ जून
बाजारातल्या खताच्या दुकानदाराने सांगितलं, कुरणात फवारलेलं औषध गवतातून घोड्यात, घोड्यातून लिदीत जसंच्या तसं उतरतं. टोमॅटो नि घेवड्याला तर विषच. हे मला आधी कोणी सांगायला नको? घेवड्याने सांगितलं होतं म्हणा. मावशींकडे कबूल करायला निघालो. त्या काकांच्या फोटोपुढे फुलं ठेवत होत्या. तसाच परत आलो. उद्या नक्की.

६ जून
पाऊस. उद्या.

११ जून
मावशींनी चीजची गरम बानित्सा पाठवली. लाजेने घशाखाली उतरेना. तीन तुकडे कसेबसे उतरले. मी नीच माणूस आहे. उद्या सकाळी आठला. ठरलं.

२४ जून, सकाळी ८
जाणारच होतो, तोवर मावशीच आल्या. हातात कुंडी. कुंडीत घेवडा, पानं मुठीसारखी.

म्हणाल्या, "दिम्चो, माझ्याही घेवड्याला वारा लागला बघ. खिडकी बंद होती तरी."

गांका आत गेली. ती अशी न बोलता कधी जात नाही.

मावशी म्हणाल्या, सत्तावन्न रोपं गेली. कडेची तीन तेवढी छातीइतकी झालीत, फुलावर आहेत. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तू जाणकार आहेस, म्हणून विचारते. त्या तिन्ही रोपांना तुझं खत घालू का?"

"नको," म्हणालो.

"हे तू एप्रिलमध्ये म्हणायला हवं होतंस, बाळा," म्हणाल्या, आणि कुंडी माझ्या खिडकीत ठेवून गेल्या.