वॉर्डातले पंच

ती. आयसिल्डा आत्यास लंडनहून मार्व्हाचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? शेळ्या अजून शेजाऱ्याच्या मिरच्या खातात का? माझी प्रकृती उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण गुरुवारी दुपारभर एका इस्पितळाचं मत वेगळं होतं.

त्या मनोरुग्णालयात माझी चित्रं लागणार होती, आणि काळ्या माणसांना इथे उपचार कसे मिळतात यावर मी बोलणार होते. (गोरा माणूस खचला की डॉक्टरकडे जातो, आपला खचला की त्याला पोलीस नेतात. मलाही एकदा नेलं होतं, तुला ठाऊकच आहे.) रंगाने माखलेल्या कोटात, चित्रं काखोटीला मारून मी चुकीच्या दाराने शिरले आणि नर्सने मला प्रेमाने वॉर्डात नेऊन बसवलं. म्हटलं, "मी चित्रकार आहे, माझं भाषण आहे." ती म्हणाली, "हो ना बाई, आधी चहा घ्या." मी जितकं शांतपणे समजावावं, तितकी ती जास्त मान हलवायची. चिडायचीही सोय नव्हती. चिडले असते तर मुक्कामच पडला असता.

शेजारी एव्हराल्ड नावाचे म्हातारे गृहस्थ बसले होते. म्हणाले, "पोरी, चित्रकार आहे म्हणू नकोस. मी क्रिकेटचा पंच होतो म्हणालो, तर त्यांनी भ्रम म्हणून लिहून घेतलं."

"मग आता काय म्हणता?"

"काहीच नाही. तर म्हणतात, उदास आहे."

मला आधी हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. मी त्यांचं चित्र काढायला घेतलं: पांढरा कोट (डॉक्टरांचा नव्हे, पंचाचा) आणि बोट वर. त्यांनी ते बोट जरा सरळ करायला लावलं.

शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई मला शोधत आल्या, ओशाळल्या, सभागृहात चला म्हणाल्या. मी म्हटलं, "मला इथे बसवलंय, तर पाहुण्यांनाच इकडे आणा." आले बिचारे, खुर्च्या उचलून. भाषण मी केलंच नाही. एव्हराल्डकडे बोट करून एवढंच ठणकावलं, हे पंचच होते; भ्रम म्हणून लिहिण्याआधी यांच्या घरी कुणी कधी विचारलं का? डॉक्टरीणबाईंनी त्यांचे कागद चाळले; तशी नोंद कुठेच नव्हती.

तुझी,
मार्व्हा

ता. क. एव्हराल्ड तुझ्याच ब्लॅक रिव्हर गावचे. बहीण आयव्हलीन तुझ्याच चर्चला येते म्हणतात. तिचा नंबर त्यांना आठवत नाही. तिला गाठ आणि वॉर्डात फोन करायला सांग. पत्र खरं तर याचसाठी.

ता. क. २. ते खरंच पंच होते का, हे तिला हळूच विचारून मला एकटीलाच कळव. मी चारचौघांत फार ठासून बोलून बसले आहे. नसले, तरी फोन मात्र तिने करावाच.