ओकजू घरी आहे

नाजू, एप्रिल

आदरणीय सासूबाई,

हे पत्र टपालात टाकण्याचे धैर्य मला होणार नाही, म्हणूनच यात खरे लिहू शकतो.

ओकजूच्या पश्चात तिची नाशपातीची बाग सांभाळता यावी म्हणून मी मार्चमध्ये कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला, हे आपण जाणता. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभे राहून स्वतःची ओळख करून दिली. माझी पाळी येताच मी म्हणालो, "बाग माझी पत्नी पाहते. मी तिच्या हाताखालचा शिकाऊ." वर्ग हसला, आणि मी दुरुस्ती केली नाही.

तेव्हापासून मला काका म्हणणारी बोरा नावाची एक वर्गभगिनी काकूंसाठी म्हणून मुळ्याची किमची देते. ती मीच खातो आणि काकूंना आवडल्याचे सांगतो.

काल फुलांना हाताने पराग लावण्याच्या प्रात्यक्षिकासाठी सारा वर्ग आमच्याच बागेत आला.

"काका, काकूंना कुठे लपवलंत?" बोराने विचारले.

"माहेरी गेलीय. आईची तब्येत बरी नाही."

"सासूबाई आजारी, आणि जावई इथे फुलं कुरवाळतोय? कमाल आहे तुमची."

जाताना ती आजारी सासूबाईंसाठी, म्हणजे आपल्यासाठी, मधाची बरणी ठेवून गेली.

आपल्याला आजारी ठरवल्याबद्दल क्षमा मागतो. परंतु पुढे घडले ते याहून लाजिरवाणे आहे. सगळे गेल्यावर, ओकजू केव्हा परतणार हे विचारण्यासाठी मी आपल्याकडे फोन लावला. आपला आवाज ऐकला तेव्हा मला भान आले. काल संध्याकाळी कोणी न बोलताच ठेवलेला तो फोन माझा होता.

आपला जावई,
दोकसू