देल्मिराचे जंत

४ नोव्हेंबर

पहिल्याच पेल्याला "धन्यवाद"! माझ्या अंगणात, माझ्या हातच्या तेरेरेला! खलबत्त्यात अननसाची सालं नि पुदिना कुटला, गार पाण्यात घातला, येर्बाचा पाला भरलेला पेला फिरवला – आणि नातसुनेनं, देल्मिरानं, त्यातल्या नळीला ओठही लावला नाही. धन्यवाद म्हटलं की त्या माणसाला पुन्हा पेला द्यायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारची पोर्फिरिया हसली. "सिन्फोरियाबाई, तुमचं औषध घरच्यांनाच चालेना की!"

हसू दे. तिच्या गुडघ्यांना माझ्याशिवाय कोण आहे?

६ नोव्हेंबर

देल्मिरा सकाळी ओकली. उकडत्या मांडिओकाच्या कंदांच्या वाफेनंही ओकते. तोंड पांढरंफटक. मी डोळ्याची पापणी ओढून पाहिली. जंत! चाळीस वर्षं बाजारात झाडपाला विकते, मला नाही चुकायचं. तिची दोन पोरं पोटातच गेली, आता तिसऱ्याची कुणी वाटही बघत नाही. निदान अंगावर मांस तरी चढू दे.

लिबोरिओला म्हटलं, "बायकोला जंत झालेत."

नातू जमिनीकडं बघत राहिला. "असतील, आजी."

बैल.

७ नोव्हेंबर

जंतांवर एकच – कच्च्या अननसाचा रस, उपाशीपोटी, तीन सकाळी. तीन हिरवी फळं तोडली. पात्यांनी कोपरापर्यंत ओरखडे. "ठेवा आजी, घेते मग," म्हणाली. पेला रिकामा परत आला. अक्कल आली म्हणायची.

८ नोव्हेंबर

दुसरा पेला. रिकामा.

९ नोव्हेंबर

तिसराही. तरी ओकली!

बाजारात एक पोटुशी आली, जळजळतं म्हणून कच्चं अननस मागत होती. हाकलली. "पोर हवंय ना? मग कच्च्याला हात लावायचा नाही!" सगळ्या बाजारानं ऐकलं. ऐकावंच.

११ नोव्हेंबर

मुंग्या! देल्मिराच्या खिडकीखाली हातभर रुंद रांग. माती चिकट, आंबट वास. तिन्ही पेले तिथं गेलेले. मुंग्यांना जंत नसतात.

आत गेले. "का गं ओतलंस?"

"तुम्हीच सांगता ना आजी, पोटुशीनं कच्चं अननस तोंडात घालू नये."

मी खाटेवर बसले.

"कितवा महिना?"

"तिसरा सरेल आता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दोन्ही वेळी तुम्ही दुसऱ्याच दिवशी बाजारात सांगितलंत. मग पोट रिकामं झालं. कांदे आणायला गेले, तरी टोपलीटोपलीशी बाया विचारायच्या – काय गं, कुठवर आलं? प्रत्येकीला मीच सांगायचं, आजी. प्रत्येकीला."

मी उठून खिडकी लावून घेतली.

त्या रसाचा वास हातांना अजून आहे. राखेनं घासले, साबणानं घासले. प्यायली असती तर?

लिबोरिओला सगळं ठाऊक होतं. बैल नाही तो.

१२ नोव्हेंबर

पेला फिरताना पोर्फिरियानं विचारलंच. "पोरीला उतार पडला का?"

"नाही. जंतच आहेत. मोठे, चिवट. माझा रस नाही चालला."

"अगं बाई! चाळीस वर्षांत पहिल्यांदाच!"

संध्याकाळपर्यंत गावभर होईल. होऊ दे.

घरात बजावलंय – देल्मिराचं कुणीही, काहीही विचारलं, तर उत्तर मीच देणार. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही.