चवळीखाऊ आणि फायबर

२ एप्रिल
ठरलं. सेगूतच राहायचं आणि घरबसल्या नोकरी करायची. फ्रिज विकणारी एक कंपनी आहे. तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि गोड बोलायचं, एवढंच काम. गोड बोलणं माझ्या रक्तात आहे. लासिनेदादा म्हणाला, महिनाअखेरपर्यंत नोकरी लागली तर राहा, नाहीतर निओनोला जाऊन काकांच्या भातशेतीत चिखल तुडव. मी म्हटलं, महिना कशाला, आठवडा पुरे. कादियावहिनी म्हणाली, भाऊजी, कुठल्या वर्षातला आठवडा ते सांगून ठेवा.

३ एप्रिल, सकाळ
अर्ज भरायला बसलो. नेट पळेना. आमची नेटची पेटी सिमकार्डावर चालते, म्हणजे कुंपणावरच्या सरड्यासारखी. थोडं पुढे जाते, थांबते, मान हलवते, परत थांबते. अशा नेटवर माणूस घडेल कसा? मी आजवर घडलो नाही याचं खरं कारण आज सापडलं. फायबर घ्यायला हवं.

३ एप्रिल, संध्याकाळ
फायबरवर शांतपणे विचार करायला नदीवर गेलो. तिथे होडी उलटी करून डांबर लावत होते. बघत बसलो. डांबर लावणं वाटतं तितकं सोपं नाही. विचार राहिला.

५ एप्रिल
वहिनी त्याच पेटीवरून बामाकोला रंगवलेल्या कापडांचे फोटो पाठवते, आणि ते जातातही. दादाने हे मुद्दाम माझ्यासमोर सांगितलं. मी समजावलं की कापडाचे फोटो वजनाला हलके असतात. दादा शिंपी आहे, त्याला कापडाचं वजन मी सांगतोय म्हणून हसला. विषय कळला नाही त्याला.

७ एप्रिल
अर्ज गेला. वहिनीनेच भरून पाठवला. मी चहाच्या कट्ट्यावर होतो. तिसरी किटली व्हायची होती, मधून उठणं बरं दिसलं नसतं.

१० एप्रिल
इंटरव्यू शनिवारी. आणि घेणार कोण, तर मादाम त्राओरे! देव आहे. मी झुमाना कोने, ती त्राओरे. आमच्या मालीत कोने आणि त्राओरे यांचं पिढीजात थट्टेचं नातं. भेट झाली की एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, खापरपणज्यांपर्यंत उद्धार करायचा, रागवायला बंदी. मान देऊन बोललं तरच माणूस दुखावतो. म्हणजे नोकरी खिशात. इंटरव्यूची तयारी रद्द. त्याऐवजी चांगल्यापैकी टोमणे जमवतो.

१२ एप्रिल
इंटरव्यू झाला. मादाम पडद्यावर तुकड्यातुकड्यांत आल्या. आधी कपाळ, मग बाकीच्या. मी लगेच म्हणालो, काय गं चवळीखाऊ, पोटभर चवळी झाली का? तेवढ्यात चित्र गोठलं. तोंड अर्धं उघडं. ते हसायला उघडलं होतं हे मी छातीठोक सांगतो. बराच वेळ मी त्या अर्ध्या तोंडाकडे बघून हसत राहिलो. मग तेही गेलं.
एक हसू नेटमध्ये अडकलं आणि एका तरुणाचं आयुष्य अडकलं. हे वाक्य वहिनीला ऐकवलं. ती म्हणाली, पाणी आणून ठेवा.

१४ एप्रिल
मादामचा ईमेल! तुमचा चेहरा मनमिळाऊ वाटला, पण नेट फारच वाईट, चांगलं कनेक्शन मिळालं तर २४ तारखेला पुन्हा बोलू. दादाला वाचून दाखवला. चेहरा मनमिळाऊ हे दोनदा वाचलं. टोमणा लागू पडलाय. अर्ध्या चवळीत एवढं, तर पूर्ण पोचली असती तर!

१५ एप्रिल
फायबर घ्यावं की नाही यावर घरात चर्चा. दादाचं म्हणणं, शेजारच्या गल्लीत कोणाकडे तरी बसून बोल. मी म्हणालो, उसन्या नेटवर नोकरी मागणं कोने घराण्याला शोभत नाही. दादा म्हणाला, उसन्या घरात राहणं शोभतं का? मी उठून बाहेर गेलो. जेवायला परत आलो. मटणाचा रस्सा होता, अशा वेळी मनात काही ठेवू नये.

१६ एप्रिल
फायबरवाल्या कंपनीच्या दुकानात चौकशीला गेलो. बाहेर फुटबॉलची मॅच लागली होती, आत जायला उशीर झाला. काउंटरवरचा म्हणाला, नाव नोंदवा, पुढच्या महिन्यात जोडणी. मी छातीवरची पाटी वाचली. त्राओरे! म्हटलं, चवळीखाऊच्या हाती फायबर दिलं की असंच व्हायचं, तू ते शेंग समजून शिजवलं असशील. तो असा उसळला की बास. म्हणाला, कोन्यांना कशाला रे एवढा वेग? तुमची चवळी शिजेपर्यंत आमची तर पचते! मी म्हणालो, तुझा आजा आमच्याकडे पाणी भरायचा. तो म्हणाला, हो, आणि त्याच पाण्यात तुझा आजा पहिल्यांदा अंघोळीला बसला! रांगेतली माणसंसुद्धा हसायला लागली. शेवटी म्हणाला, जा कुत्र्या, आठवड्यात माणूस पाठवतो, कोनेला नाही म्हटलं तर माझी आई मला घरात घेणार नाही.
हे चालतं. इथे सगळं असंच चालतं. आता फक्त दादाला पटवायचं.

१८ एप्रिल
दादा पटला. अट एकच: नोकरी नाही तर निओनो, आणि त्या वेळी नेटचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, मंजूर. अशा अटी मी झोपेतही मंजूर करतो.

२१ एप्रिल
फायबर आलं! पेटीवर चार हिरवे दिवे. उद्यापासून पहाटे उठून फ्रिजचा अभ्यास.

२२ एप्रिल
दिवसभर स्पीड मोजला. सकाळी चांगला, दुपारी त्याहून चांगला. होडीला डांबर लावायचे व्हिडिओ किती आहेत याची मला कल्पनाच नव्हती.

२३ एप्रिल
वहिनी म्हणाली, उद्याची तयारी झाली का? मी म्हणालो, नातं आहे वहिनी, नात्यात तयारी करायची नसते. काउंटरवरच्या त्राओरेचा किस्सा तिला परत सांगितला. तिने विचारलं, त्या मादाम कुठल्या? म्हटलं, त्राओरे आहेत, आणखी काय विचारायचं?

२४ एप्रिल
घाईत लिहितो. चित्र इतकं स्वच्छ की मादामच्या भुवयांचे केस वेगवेगळे दिसावेत. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी तुमचा एकही शब्द पोचला नाही, नुसता हसरा चेहरा दिसत होता, तो मला आवडला. म्हणजे पहिला टोमणा पोचलाच नव्हता! बिचारी उपाशी राहिली होती. मग मी हात आखडता घेतला नाही. म्हणालो, अगं चवळीखाऊ, तुझे आजे-पणजे आमच्या दारात पाणी भरायचे, आणि तुम्ही त्राओरे लोक दुपारी चवळी हाणून पडलात की त्या खोलीत बकरीसुद्धा थांबत नाही म्हणतात, खरं का?
एकही शब्द तुटला नाही.
मादाम थांबल्या. मला वाटलं, अडकलं. मी वाट पाहिली. मग त्यांची पापणी हलली. अडकलं नव्हतं.
त्या म्हणाल्या, मी लिब्रव्हिलची, गॅबॉनची. त्राओरे माझ्या नवऱ्याचं नाव.
नवऱ्याचं नाव! कादियावहिनी बारा वर्षं आमच्या घरात नांदतेय, अजून माहेरची देंबेलेच आहे. बाई लग्नात आडनाव टाकून येते हे मला कोण सांगणार होतं?
मी घाईघाईने थट्टेचं नातं समजावलं. त्या नीट ऐकत होत्या, तेही स्वच्छ दिसत होतं. मग विचारलं, आमच्या गिऱ्हाइकांशी तुम्ही असंच बोलाल का? मी प्रामाणिकपणे म्हणालो, छे, फक्त ते त्राओरे असतील तरच.

२५ एप्रिल
नकार आला. ईमेल दिसला आणि उघडला यांच्यात काही वेळच गेला नाही. पूर्वी असं काही उघडेपर्यंत माणूस मनाची तयारी करू शकायचा. या वेगात माणुसकी नाही.

२६ एप्रिल
वहिनीला सगळं सांगितलं. ती रंगाच्या घमेल्याशेजारी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, भाऊजी, जुनं नेट तुम्हाला झाकून ठेवत होतं हो. मग फोनवरून बामाकोच्या बायकांना नवीन कापडं दाखवायला बसली, आता थेट व्हिडिओवर. तिघींनी तिथल्या तिथे मागणी दिली. दादा म्हणाला, फायबर राहू दे.

२७ एप्रिल
दादाने विचारलं, नोकरीचं काय झालं? मी म्हणालो, नेट… आणि थांबलो. अट आठवली. शिवाय तो पेटीकडे बघत होता. चारही दिवे हिरवे. इथे वीज रोज जाते, २४ तारखेला गेली नव्हती. लॅपटॉप ठीक, कॅमेरा ठीक, खुर्चीसुद्धा हलत नाही. घरभर फिरून पाहिलं. बिघडलेलं असं काही सापडलं नाही.

२९ एप्रिल
मनाने पुन्हा उभारी घेतली आहे. मे महिन्यात नवीन सुरुवात, थोडा मोठा स्पीड घेऊन. दादाला अजून सांगितलेलं नाही.

३० एप्रिल
निओनोहून काकांचा व्हिडिओ कॉल. दादाने फोन सरळ माझ्या हातात दिला. काका बांधावर उभे होते, मागे चिखल, चिखलात बैल, सगळं लख्ख. म्हणाले, काय रे झुमाना, किती स्वच्छ दिसतोयस, जणू माझ्या शेतातच उभा आहेस! परवाच्या बसने ये. मी फोन लांब धरला आणि म्हणालो, काका, आवाज येत नाही.
काका म्हणाले, येतोय.