बाबांच्या सुरीची बाजू

४ मार्च

सुरीचा तुकडा उडाला! बाबांच्या सुरीचा. फ्रीजरमध्ये बर्फाचा थर जमला होता, हाताशी तीच होती, तिनेच खरवडायला गेले. आतल्या पत्र्यावर आपटली. टोकापासून चार बोटांवर धारेला खाच पडलीय – मसूर मावेल एवढी.

तीस वर्षं कँटीनमध्ये बाबांनी याच सुरीवर काम काढलं. घरात तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून, म्हणजे दोन महिने, ते दादाकडे आहेत. पंचवीसला घरी येणार.

५ मार्च

बाबांचा फोन. तब्येतीचं दोन वाक्यांत उरकलं, मग सुरी. पुसून ठेवतेस ना, गंजली नाही ना. म्हटलं, जशी ठेवून गेलात तशी आहे. हाताचं विचारलं तर म्हणाले, टकाटक – आल्यावर कांदा मीच चिरणार. वहिनी मागून काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही.

मी धडधडीत खोटं बोलले. वय शेहेचाळीस, आणि थाप शाळेतल्या पोरीसारखी.

७ मार्च

खालच्या वर्कशॉपमधल्या सुतारकाकांना सुरी दाखवली. उडालेला तुकडा परत बसत नाही म्हणाले. खाच जेवढी खोल, तेवढं पोलाद सगळ्या धारेवरून घालवायचं, मग नवीन धार काढायची. तुम्हीच करून द्या म्हटलं. तर म्हणे, मग पुढच्या वेळी पुन्हा माझ्याच दारात येशील, त्यापेक्षा शीक. आणि एक जुना दगड हातात दिला.

८ मार्च

दगड पाण्यात भिजवायचा. सुरी उभी धरायची आणि धारच दगडाच्या खरखरीत बाजूवर घासायची. जीवावर आलं. अर्धा तास घासली. खाच तशीच, दंड मात्र भरून आलेत.

११ मार्च

गेली! शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणलं होतं (तिथली कपाटं माझ्याच ताब्यात असतात), त्यातून पाहिलं – खाचेचा मागमूस नाही. पण खाचेबरोबर धारेचा जुना उतारही साफ गेला. आता दोन्ही बाजू सारख्याच, सपाट. लोणीसुद्धा कापणार नाही.

१२ मार्च

काकांनी उतार शिकवला. बाबांच्या सुरीला तो एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. काकांच्या लाकूड तासायच्या पटाशीलाही तसंच, म्हणून त्यांना ते लगेच कळलं. धारेलगत स्केचपेनने काळं करायचं, चार हात घासायचं, आणि काळं कुठे उरलंय ते बघायचं. माझं सगळीकडे उरलं होतं. मी भाकरी थापल्यासारखी घासते म्हणाले.

१५ मार्च

टोमॅटोवर नुसती ठेवली, आणि गेली खाली. काप एकसारखे. काका म्हणाले, बरं आहे. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी.

१६ मार्च

चहा गाळताना आठवलं. बाबा डावखुरे आहेत.

त्यांच्या सुरीचा उतार डाव्या बाजूला होता. मी काढला उजव्या – माझ्या हाताला सोयीचा. जन्मभर त्यांच्या डावीकडे बसून जेवले, दोघांचे हात एकमेकांना लागायचे, आणि हे विसरले! डाव्या हातात धरून पाहिली. काप तिरके पडतात, वर पातळ, खाली जाड. बाबा पहिल्याच कापाला ओळखतील.

काकांना सांगितलं. "पटाशीला डावं-उजवं नसतं बाई, मला काय कळणार?" आणि हसत सुटले. मला नाही हसू आलं.

१९ मार्च

पुन्हा पहिल्यापासून. धार उडवली, दुसऱ्या बाजूने उतार. पातं बघता बघता अरुंद झालंय.

२१ मार्च

फोनवर कबूल करून टाकणार होते. सुरीचं एक सांगायचंय, एवढंच म्हटलं, तर बाबा घाईने म्हणाले, आल्यावर बघू. मी हात कसा आहे विचारलं. "एकदा सांगितलं ना, छान आहे!" चिडले. बाबा माझ्यावर चिडत नाहीत.

शेवटी हवापाण्याचं बोललो.

२४ मार्च

झाली. डाव्या हाताने अख्खी काकडी चिरली. वेळ लागला, पण काप सरळ. पुसून मूळच्या जागी ठेवली. अरुंद दिसतेच, त्याला इलाज नाही. उद्या काय बोलायचं ते तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा वेगळं.

२५ मार्च

दादा सोडून गेला. बाबा सरळ स्वयंपाकघरात. डावा हात खिशात. सुरी उजव्या हाताने उचलली. काकडी घरंगळायला लागली म्हणून मी धरली. दोन काप – दोन्ही तिरके.

मी सगळं सांगून टाकलं. फ्रीजर, खाच, काका, चुकलेली बाजू. त्यांनी ऐकून घेतलं. मग उजव्या हाताने डावा हात खिशातून काढला आणि ओट्यावर ठेवला. बोटं मिटलेलीच.

"धार चांगली लावलीस," म्हणाले. "बाजू बदलून देशील?"

दगड भिजत घातलाय.